बायचा आवाज

आमच्या घरात कुत्रं येईल असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली ती केवढी! एका बाजूला पलंग, त्यावर सासूबाई. दुसऱ्या बाजूला माझं शिवणाचं मशीन आणि चाळीतल्या बायकांच्या ब्लाउजांचा ढीग. मधे कपाट, ओटा, मोरी, आणि निवृत्त झाल्यापासून घरभर पसरलेले आमचे हे. बसचे कंडक्टर होते तोवर माणूस निदान दिवसभर बाहेर तरी असायचा. अशा घरात कुत्रं ठेवायचं म्हणजे कुणाच्या डोक्यावर?

पण माझी मुलगी म्हणजे एक नंबरची हट्टी. लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तरी हिचे उद्योग काही थांबले नाहीत. कुत्री सोडवून आणणाऱ्या एका संस्थेचं काम ती करते. एक दिवस पिशवीतून एक म्हातारा पग घेऊन आली. ‘आई, थोडे दिवस गं. याला कायमचं घर मिळेपर्यंत. याला फॉस्टर म्हणतात.’ मी म्हटलं, ‘याला उपद्व्याप म्हणतात.’ तो पग माझ्या मशीनखाली घोरत पडला आणि मी त्याच्या घोरण्याच्या तालावर काजं-बटणं केली. तो गेला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग काय, एक गेला की दुसरा. सगळी लहान जातीची, हातात मावणारी. मोठ्या घरांना मोठी कुत्री आणि आमच्यासारख्यांना ही टिचभर, असा त्यांचा हिशेब होता.

सासूबाईंनी मात्र कधी एकालाही हात लावला नाही. ‘कुत्र्याची जागा भायर. देवाच्या हय येवचा नाय,’ एवढं सांगून त्यांनी मशीनच्या पायापासून पलीकडची हद्द आखून टाकली होती. कुत्री पण बिचारी पाळायची.

मग बाय आली.

पांढऱ्या-करड्या लांब केसांची शित्झू, पण केस भादरलेले, कारण त्यांचे गुंते इतके घट्ट झाले होते की कातडी सोलवटली होती. एका बंद खोलीत पिंजऱ्यावर पिंजरे रचून एक बाई कुत्र्यांची पैदास करायची आणि पिल्लं विकायची, तिथून हिला सोडवलं होतं. जमिनीवर चालायची हिला सवयच नव्हती. लादीवर ठेवली की पाय फाकून उभी राहायची, जणू खालची जमीन कुणी काढून घेणार आहे. तिला काही नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. माझ्या तोंडून सहज निघालं, ‘ये गो बाय,’ आणि तेच नाव पडलं.

तिचं मुकेपण आधी लक्षात आलं ते सासूबाईंच्या. पलंगावर बसून त्या पाहत असत. दाराशी कुणी आलं की बाय मान वर करायची, तोंड उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. छाती भात्यासारखी हलायची. आवाज नाही. ‘ह्या भुकणा कसा नाय गो?’ सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, घाबरलेली आहे, होईल हळूहळू. ‘नाय,’ त्या म्हणाल्या. ‘कोणी तरी ह्याचो आवाज काढून घेतल्यान.’

परळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या घशात बॅटरी मारून पाहिलं आणि तेच सांगितलं. स्वरतंतू कापलेले होते. इतकी कुत्री एका खोलीत भुंकली तर शेजारीपाजारी तक्रार करतात, म्हणून काही लोक असं करतात म्हणे. रस्त्याने येताना मी तिला पदराखाली घेतली होती आणि सारखी मनात त्या बाईला शिव्या घालत होते. येतात मला भरपूर.

मुलीने मला एकच ताकीद दिली होती. ‘आई, हिचा फोटो कुठेही टाकायचा नाही. त्या बाईने घाबरून सगळी कुत्री संस्थेला लिहून दिली, पण हिच्यासाठी ती अजून फिरतेय. हिची पिल्लं सगळ्यात जास्त पैसे आणायची. अशक्त आहे म्हणून ऑपरेशन अजून झालं नाही. ती हिला घेऊन गेली तर पुन्हा पिंजऱ्यात घालणार, आणि आणखी एका बाळंतपणात ही मरणार.’ इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी रोज ते घोकत होते.

भाद्रपद आला. या खोलीतला आमचा हा शेवटचा गणपती. चाळ पाडणार, टॉवर होणार, हे इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो, आता खरंच अर्धी चाळ रिकामी झाली होती. आमच्या मजल्यावर आठ-दहा दारांना कुलपं लागलेली, त्यांच्या दारापुढचे दिवे गेलेले. पॅसेजमध्ये दुपारीसुद्धा अंधार असायचा. आमच्या पावलांचाच आवाज आम्हाला पाठीमागून ऐकू यायचा. पूर्वी इथे पोरांच्या दंग्याने डोकं उठायचं, आता शांततेने उठत होतं.

शेवटचा गणपती म्हणून आमच्या ह्यांना कोण हुरूप! माझ्या लग्नातल्या शालूचा पडदा लावून मखर केलं, पुठ्ठ्याचे खांब केले, आणि मूर्ती बसल्या बसल्या फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला. चाळीचा ग्रुप, गावचा ग्रुप, डेपोतल्या जुन्या मित्रांचा ग्रुप. खाली खोली नंबरसकट पत्ता आणि ‘या खोलीतील शेवटचा गणपती, सर्वांनी दर्शनास अगत्याने यावे.’

फोटो मी दुसऱ्या दिवशी पाहिला. गणपती सुरेख आला होता. बाजूला कपाटाचा आरसा होता, आणि आरशात मशीनखाली बसलेली बाय. कॅमेऱ्याकडे बघत होती.

‘अहो, हे काय करून ठेवलंत?’ मी ओरडले. त्यांना कळेचना. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा चेहरा उतरला. ‘एवढंसं तर दिसतंय गं. कोण बघतंय आरशात?’ मी म्हटलं, ‘जिला बघायचं असेल ती बघणारच.’ त्यांनी फोटो पुसला. पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता. गावाहून एका भाच्याने तोच फोटो पुन्हा ह्यांनाच पाठवला, खाली ‘गणपती बाप्पा मोरया’ लिहून.

गणपतीत आमचं दार सकाळी उघडतं ते झोपतानाच बंद होतं. दर्शनाला आलेल्याला तू कोण, कुठला, हे विचारायचं नाही. येईल त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. तोवर मला त्या रीतीचा केवढा अभिमान! त्या वर्षी मात्र दारात सावली पडली की मी हातातलं टाकून आधी माणसाचा चेहरा बघायचे. मुलगी सासरच्या माणसांबरोबर कोकणात, त्यांच्या गावच्या घरी गणपतीला. फोन लागेना. ओळखीचा हवालदार शेजारीच राहतो, पण तो आणि अख्खी चौकी बंदोबस्ताला. मी बायचं अंथरूण मशीनखालून आणखी आत सरकवलं आणि पुढे ब्लाउजांची गाठोडी रचली.

गौरीपूजनाच्या दिवशी ती आली.

घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला होता, हळदीकुंकवाला चार-पाच शेजारणी बसल्या होत्या. काही जणी टॉवर होईपर्यंत दुसरीकडे राहायला गेलेल्या, मुद्दाम आलेल्या. त्यात एक अनोळखी बाई दारात चपला काढून आत आली. चाळिशीची, नीटनेटकी, केसांत गजरा, हातात पेढ्यांचा बॉक्स. कुणाच्या तरी ओळखीची असेल असं प्रत्येकीला वाटलं. मी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. तिने देवापुढे पेढे ठेवले, हात जोडले. पण डोळे मिटले नाहीत. ती कपाटाच्या आरशाकडे पाहत होती. मग आरशात जे दिसायला हवं होतं, तिकडे तिने मान वळवली.

तिने काही हाक मारली नाही. नुसतं जिभेने टाळूवर टक केलं.

गाठोडी हलली. बाय बाहेर आली. चालत नाही, पोट लादीला घासत, सरपटत. सासूबाईंनी आखलेली हद्द ओलांडून ती थेट त्या बाईच्या पायांपाशी गेली, उताणी झाली, चारी पाय वर. तिच्याखाली लादी ओली होत गेली.

‘अगो बाय, ओळखल्यान गो!’ एक शेजारीण कौतुकाने म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘मुकं जनावर, पण माया बघा किती!’ मला त्या दोघींचे कान उपटावेसे वाटले. अगं बायांनो, तुम्हाला भीती आणि माया यातला फरक कळत नाही? इतकी वर्षं संसार करून?

‘ओळखणारच,’ ती बाई गोड हसून म्हणाली. ‘माझ्याच हातात वाढलीय.’ तिने वाकून बायचा जबडा दोन बोटांनी उघडला आणि दात पाहिले. मग पोटावरून हात फिरवला, दाबून पाहिलं. ‘अजून चांगली आहे,’ असं स्वतःशीच म्हणाली.

मी म्हटलं, ‘हात काढा तिच्यावरून.’

‘ताई, सणाचा दिवस आहे. चिडताय कशाला? माझं कुत्रं आहे, मी घाबरून कागदावर सही केली. न्यायला आलेय.’

‘मिळणार नाही.’

शेजारणी कावऱ्याबावऱ्या झाल्या. एकीने मला कोपराने ढोसलं. ‘अगं, तिचंच आहे तर देऊन टाक की. तुला काय, एक गेलं की दुसरं येतंच ना?’ आमचे हे नुसते दारात उभे. मी बायला उचलायला वाकले तर ती लाकडासारखी ताठ. मी तिला छातीशी धरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

त्या बाईने पदर सारखा केला. ‘घाई नाही हो. उद्या गौर जाते ना? गौर जाईल तशी हीपण जाईल. येते मी उद्या. तुमचं दार तर उघडंच असतं.’ चपला घालताना तिने पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना पाहिलं, कुलपं लावलेल्या दारांकडे. सासूबाई पलंगावरून हे सगळं पाहत होत्या.

ती गेल्यावर कितीतरी वेळ बायचे ताठलेले पाय सैल झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरात जुंपली. आमच्या गौरीचं आणि गणपतीचं विसर्जन एकत्र. गौर सुनेनेच न्यायची, मी नेली नाही तर कोण नेणार? गणपती ह्यांच्या डोक्यावर. ढोल-फटाक्यांत बायला नेणं म्हणजे तिचा जीव घेणं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या दरवर्षी घरीच थांबतात. देव उठले की मखराचा पुढचा पडदा ओढायचा, समोर समई ठेवायची, आणि विसर्जनाचा पाट वाळू घेऊन परत येईपर्यंत समईपाशी घरातलं कुणीतरी बसायचं. दार उघडं ठेवून. मजल्यावरच्या उरल्यासुरल्या बायकाही आमच्याबरोबरच निघणार होत्या.

‘आई, आजचा दिवस आतून कडी लावा,’ मी म्हटलं. ‘पाया पडते तुमच्या.’

‘दार लावचा नाय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘देव भायर गेलो की दार उघडा रवता, पाट येयसर.’

‘आणि ती आली तर?’

‘इली तर इली.’

माझा तोल सुटला. मी नको नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला ती मेली काय, जगली काय, सारखंच. तुम्ही तिला कधी हात तरी लावलात? त्या वाती वळत बसल्या. ह्यांनी मला बाहेर ओढलं, मंडळी खाली खोळंबली होती. जाता जाता मी बायला पलंगाखाली ढकललं, चादर जमिनीपर्यंत सोडली. चादरीखालून तिचं नाक दिसत होतं.

दादरच्या चौपाटीवर गर्दी ही एवढी. आरती सुरू झाली. मी तोंड हलवत होते, मन चाळीच्या पॅसेजमध्ये. तिथे आता कुणी नसेल. ती जिना चढत असेल. जिभेने टक करेल. पलंगाखालून बाय आपणहून सरपटत येईल, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच जीव तुटत होता. कुणी तिला ओढून नेणार नव्हतं, तीच जाणार होती. ओरडणार नव्हती, कारण ओरडायला आवाज नव्हता. ह्यांच्या चुलतभावाला अजून एक आरती हवी होती. मी म्हटलं, ‘तुमची आरती तुम्ही करा, मला पाट द्या.’ सगळे बघतच राहिले. ओल्या वाळूचा पाट कडेवर घेऊन मी टॅक्सीत बसले. वाळूचं पाणी साडीवर ठिबकत होतं.

पॅसेज काळोखा होता. शेवटी आमच्या दारातून तेवढी समईच्या उजेडाची एक पट्टी बाहेर पडलेली. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, पाय पसरून. आत पलंगाची चादर वर फेकलेली. पलंगाखाली काही नाही. मशीनखालची गाठोडी विस्कटलेली. मोरीचं दार उघडं.

‘बाय कुठाय?’

‘पाट आणलंस? आधी पाट ठेव.’

‘बाय कुठाय, आई?’ माझा आवाज चिरकला.

‘पाट ठेव म्हणतंय ना. देवाची जागा रिकामी ठेवूची नाय.’

मी रडतच मखराकडे गेले. मनात म्हटलं, या म्हातारीशी पुन्हा जन्मात बोलणार नाही. समई बाजूला केली, शालूचा पडदा सरकवला.

देवाच्या चौरंगावर, लाल वस्त्रावर, बाय बसली होती. तिच्या अंगाखाली सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. डोळे विस्फारलेले, मान वर, आणि तोंड उघडत, मिटत होतं. उघडत, मिटत होतं. सगळं अंग हादरत होतं. ती भुंकत होती. जीव तोडून भुंकत होती.

‘इल्ली हुती,’ मागून सासूबाई सांगू लागल्या. ‘पाणी दिलंय, लाडू दिलंय. माका इचारल्यान, कुत्रा खय? मी सांगलंय, गौर गेली तसा ता पण गेला. तिका पटला नाय. पलंगाखाली बघल्यान, मशीनखाली बघल्यान, मोरीत जाऊन इल्ली. तोंडान टक टक करीत हुती. देवाच्या मखरात कोण बघतला? आणि ह्या आत भुकत हुता. पडदो हलत हुतो गो. माझो जीव हय इल्लो.’ त्यांनी गळ्याला हात लावून दाखवला. ‘ह्या बांधून ठेवलेला नाय, तरी भायर येवक नाय. तिच्याकडे गेला नाय. बसल्या जाग्यावर तिच्यावर भुकत रवला. पडदो वाऱ्यान हलता आसात म्हणान ती फिरली आणि गेली.’

मी तिथेच खाली बसले.

‘तिनाच कापल्यान ना ह्याचो आवाज?’ सासूबाई म्हणाल्या. ‘आवाज आसतो तर आज ता गेला आसता.’

मग त्यांनी हात पुढे केले. मी बायला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. पाट तसाच राहिला होता, तो मग ह्यांनी येऊन ठेवला.

बाय कुणाला दिली नाही. ऑपरेशन झालं, केस वाढले. आता आम्ही दुसऱ्या इमारतीत तात्पुरते राहतो. दाराला बघायचं भोक आहे, कडी आहे, साखळी आहे. सासूबाई गणपतीत तीही काढायला लावतात. ती बाई पुन्हा आली नाही, पण ती बसलीय कुठेतरी, आणि तिच्याकडे आता नवी मुकी कुत्री असतील, हे मला माहीत आहे.

बाय अजूनही मधूनच दाराकडे तोंड करून भुंकते. बाहेर कोण आहे ते तिला आमच्या आधी कळतं. पण ती हाक मारू शकत नाही. म्हणून घरातल्या कुणाची तरी नजर सतत तिच्यावर असावी लागते. शिवताना एक टीप झाली की मी मान वळवून बघते. तिचं तोंड मिटलेलं असलं की पुढची टीप घालते.